मढी उकरून बाप्तिस्मा? आत्याच्या फोनवर आलेल्या मॉर्मन मेसेजला उत्तर

जुलैतली दुपार. गाडी लावून घराकडे वळले तर दारात दोन मुलं उभी. पांढरे शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी, हेल्मेटखाली घामाने चिकटलेले केस. अमेरिकेत, युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जुलैचं ऊन आपल्या नगरच्या एप्रिलसारखं भाजतं. त्यातला एक जण रिकामी बाटली दाखवून पाणी मागत होता, आणि आमच्या आत्याने त्याच्या तोंडावर दार लावलं. नगरच्या घरी पोस्टमनलाही चहा घेतल्याशिवाय जाऊ न देणारी आमची आत्या!

"अगं, मॉर्मन आहेत ते," ती आतून म्हणाली. "मढी उकरतात. महिला मंडळाच्या ग्रुपवर आलंय सगळं."

मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा पंथ; त्यांची तरुण मुलं अशी दारोदार प्रचार करत फिरतात. तो मेसेज मलाही तीनदा आलाय. वर "ख्रिस्ती बंधुभगिनींनो, सावध", मध्ये लांब झगे घातलेल्या बायकांचा फोटो, खाली सात मुद्दे: मॉर्मन पुरुष आजही चार-पाच बायका करतात, प्रेतं उकरून त्यांना बाप्तिस्मा देतात, बायबल मानत नाहीत, येशूऐवजी पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची पूजा करतात, जादूचे कपडे घालतात, ज्यांवरून मॉर्मनचा ग्रंथ उतरवला म्हणतात त्या सोन्याच्या पाट्या कुठे आहेत एवढं विचारलं की निरुत्तर होतात, आणि शेवटी योहानाच्या दुसऱ्या पत्राचा दाखला देऊन, अशांना घरात घेऊ नका, पाणीही देऊ नका.

मी मॉर्मन नाही. माझे आजोबा पाळक होते. मॉर्मन मंडळी देवाविषयी जे शिकवते ते मला चुकीचं वाटतं, आणि इथल्या अकरा वर्षांत शेजाऱ्यांना ते तोंडावर सांगितलंही आहे. म्हणूनच या मेसेजचा मला राग येतो.

आधी मढ्यांचं घेते, कारण आत्याला त्याचीच भीती बसली होती. कुणी काही उकरत नाही. त्यांच्या मंदिरात बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर ठेवलेला मोठा हौद असतो. त्यात एक जिवंत माणूस उतरतो, बऱ्याचदा बारा-पंधरा वर्षांचं पोर. एखाद्या मृत व्यक्तीचं नाव उच्चारलं जातं आणि तिच्या वतीने त्या पोराला पाण्यात बुडवून वर काढतात. बस. पलीकडच्या जगात त्या व्यक्तीने हा बाप्तिस्मा स्वीकारावा की नाकारावा हे तिच्यावर, अशी त्यांची शिकवण आहे. माझ्या ऑफिसातल्या एका बाईने पणजीच्या नावाने असा बाप्तिस्मा घेतला. ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते. पूर्वजांची नावं शोधण्याचं एवढं वेड या लोकांना आहे ते यासाठीच. पूर्वजांच्या नोंदींच्या फिल्मा त्यांनी इथल्या डोंगरात तिजोरी खोदून ठेवल्यात.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५:२९ मध्ये पौल मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख करतो. मॉर्मन त्यावर बोट ठेवतात. माझं म्हणणं असं की पौल तिथे "ते" म्हणतो, "आपण" म्हणत नाही, आणि अख्ख्या नव्या करारात तसं करण्याची आज्ञा कुठेच नाही. हे समोर बसून बोलता येतं. मढी उकरण्याचा आरोप करून समोर कोण बसणार?

इथे एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावंही या विधीत घेतली गेली होती. ज्यू संघटना संतापल्या आणि १९९५ मध्ये ते थांबवण्याचा करार झाला. त्यानंतरही काही नावं सापडली. तो संताप योग्यच होता.

आता बायका. १८९० मध्ये त्यांचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून बहुपत्नीत्व थांबवलं. तरी काही लग्नं होत राहिली, म्हणून १९०४ मध्ये पुन्हा सक्त ताकीद निघाली. आज दुसरी बायको केली तर मंडळीतून काढून टाकतात. फोटोतले फिके पायघोळ झगे आणि फुगवून बांधलेले केस हा फुटून निघालेल्या फंडामेंटलिस्ट पंथाचा पेहराव. त्यांचा पुढारी वॉरन जेफ्स २०११ पासून टेक्सासात जन्मठेप भोगतोय. त्याचं पाप माझ्या शेजाऱ्याच्या माथी मारणं हा खोटेपणा आहे.

पण ज्याला खरंच प्रश्न विचारायचा असेल त्याने त्यांच्या मंडळीने स्वतः २०१४ मध्ये आपल्या संकेतस्थळावर टाकलेला बहुपत्नीत्वावरचा लेख वाचावा. जोसेफ स्मिथच्या बायकांचा अंदाज तिथे ३० ते ४० असा दिलाय, आणि त्यांतली एक पंधरावं लागायला काही महिने असताना त्याच्याशी बांधली गेली, हेही. त्यांच्याच लेखातलं असल्याने कुणी ते नाकारत नाही. हे वाचून रात्रभर न झोपलेली मॉर्मन माणसं मला माहीत आहेत. असा लेख हाताशी असताना उसना फोटो कशाला लागतो?

बायबल ते मानतात. त्यांच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमातली दोन वर्षं जुन्या आणि नव्या कराराची असतात. फरक असा की "भाषांतर बरोबर आहे तिथवर" अशी अट ते घालतात आणि आणखी तीन ग्रंथ शास्त्र म्हणून जोडतात. जोसेफ स्मिथची पूजा करत नाहीत. त्याची स्तुती गातात, आणि ती मलाही खटकते, पण प्रार्थना येशूच्या नावाने होते. कपडे म्हणजे मंदिरातल्या करारांची आठवण म्हणून आत घालायची वस्त्रं. कुणाच्या अंतर्वस्त्रांवर बोलायला मी तयार नाही. सोन्याच्या पाट्या देवदूताने परत नेल्या, हे उत्तर त्या मुलांना पाठ असतं.

आता पाणी. योहानाच्या दुसऱ्या पत्रातली "घरात घेऊ नका" ही ओळ ज्या काळात लिहिली त्या काळात मंडळ्या घरांतच भरत. फिरत्या शिक्षकाला घरात घेणं म्हणजे त्याला उपदेशाला उभं करणं, त्याचा खर्च उचलणं. तहानलेल्याला पाणी नाकारण्याचा तिथे विषयच नाही. शत्रू तान्हेला असेल तर त्याला पाणी दे, हे नीतिसूत्रांत आहे आणि पौलानेही तेच लिहिलंय. आणि असल्या द्वेषाला इथे इतिहास आहे. १८३८ मध्ये मिसुरीच्या राज्यपालाने मॉर्मनांना संपवा नाहीतर हाकला असा लेखी हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल इथे जमावाने १७ जण मारले. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता.

हे सांगितल्यावर आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, शाळेत तिला "बाटगी" म्हणायचे, आणि एक मैत्रीण विचारायची की तुम्ही चर्चमध्ये खरंच माणसाचं रक्त पिता का. प्रभुभोजनाबद्दल कुणीतरी कुणाला सांगितलेलं. सत्तर वर्षांच्या बाईला ते अजून जसंच्या तसं आठवतं.

मेसेजच्या बाजूने म्हणता येईल ते इतकंच: मॉर्मन बाप्तिस्मा इतर मंडळ्या मानत नाहीत. व्हॅटिकनने २००१ मध्ये तसा निर्णयच दिला. कारण शब्द तेच असले तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांविषयीची समजूत वेगळी आहे. १८४४ च्या एप्रिलमध्ये जोसेफ स्मिथने प्रवचनात सांगितलं की देव एकेकाळी आपल्यासारखा माणूस होता. खरी खोल दरी इथे आहे, आणि सात मुद्द्यांत तिचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

त्या मुलांना मी कोपऱ्यावर गाठून परत आणलं. आत्या सवयीने चहा टाकायला उठली. त्यांना चहा वर्ज्य, म्हणून लिंबू सरबत केलं. मी यशया ४३:१० काढून दिलं: माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही आणि माझ्यामागे कोणी होणार नाही. दोघांतल्या थोरल्याने ते दोनदा वाचलं. ते मूर्तींविषयी आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग पुढचा अध्यायही वाचू. त्याने मला मॉर्मनच्या ग्रंथातला मोरोनीचा दहावा अध्याय दिला: मनापासून प्रार्थना कर, पवित्र आत्मा सत्य दाखवील. तो मी वाचलाय. प्रार्थनेला माझी ना नाही. पण मनाला उबदार वाटलं म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, सर्व गोष्टींची पारख करा असं पौल सांगतो. गुरुवारी पाच वाजता ती दोघं येणार आहेत तेव्हा तिथूनच सुरू करायचंय. आत्याने आपलं मराठी बायबल काढून यशयात खूण घालून ठेवलीय.