विक्रांत कुठल्या सालची, ते आधी बोला!

विक्रांत या विमानवाहू नौकेची छोटी प्रतिकृती जोडायचा संच मागवला. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलंय: 'विक्रांत, १९७१'. चित्रही झोकात. धुराचे लोट, वर झेपावलेली सी हॉक विमानं, खाली बंगालचा उपसागर. खोकं उघडलं, रेझिनचा डेक, म्हणजे विमानांची धावपट्टी असलेला वरचा मजला, हातात घेतला, तर त्याचं पुढचं टोक विमानं उडवायच्या चढासारखं वर उचललेलं. स्की-जंप! १९७१च्या विक्रांतला स्की-जंप! टाळकंच सरकलं माझं.

विक्रांतला स्की-जंप बसला तो १९८७ ते १९८९च्या दुरुस्तीत. युद्ध संपून पंधरा वर्षं उलटून गेल्यावर. तोपर्यंत तिचा डेक टोकापर्यंत सपाट होता आणि विमानं उडायची ती वाफेच्या कॅटापल्टच्या धक्क्याने. स्की-जंप आला तेव्हा सी हॉक सेवेतून कधीच गेली होती. त्या दोघांची गाठ एक दिवसही पडलेली नाही. आणि खोक्यात सहा सी हॉक दिलीत, वर उड्या मारायला हा चढ! मी विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर काय यावं? "सर, विक्रांत तशीच होती, आम्ही फोटो बघूनच बनवलंय." मी सालं कळवली, तर पुढचा मेसेज: "एवढं कोण बघतं सर?"

मी बघतो! हजारो रुपये मोजून, रात्री जागून, भिंग लावून जो माणूस हे करतो तो दुसरं काय बघणार? खोक्यावर १९७१ तुम्हीच छापलंत ना? त्या सालाच्या नावावरच माल खपवलात ना? नुसतं 'विक्रांत' छापलं असतंत तर मी चकार शब्द काढला नसता.

जहाजाची प्रतिकृती करायची तर पहिला प्रश्न स्केलचा नसतो, रंगाचा नसतो. पहिला प्रश्न असतो: कधीची? जहाज म्हणजे पुतळा नव्हे. ते दर काही वर्षांनी गोदीत जातं आणि बदलून बाहेर येतं. तोफा उतरतात, रडारं बदलतात, मास्टवर, म्हणजे डोलकाठीवर, नवीन काहीतरी चढतं, विमानं बदलतात. विक्रांतचंच बघा. ब्रिटिशांनी हिला १९४५ साली 'हर्क्युलिस' नावाने पाण्यात सोडलं आणि युद्ध संपलं म्हणून अर्धवट ठेवून दिलं. आपण १९५७ला विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली, तिरका डेक आणि कॅटापल्ट बसवून घेतलं आणि ४ मार्च १९६१ला ती नौदलात आली. ही झाली एक विक्रांत. डिसेंबर १९६१ला गोवामुक्तीच्या वेळी बाहेरून कुणी मध्ये पडू नये म्हणून समुद्रात उभी होती ती साधारण हीच. १९६५च्या लढाईत ती मुंबईत गोदीत दुरुस्तीला होती आणि पाकिस्तानने ती बुडवल्याचं बिनदिक्कत सांगून टाकलं. मग १९७१. मग १९७९ ते १९८२ची मोठी दुरुस्ती, त्यात तर आतबाहेर सगळंच हललं. १९८३च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर, नवं लढाऊ विमान, आली. मग स्की-जंप. १९९७च्या जानेवारीत निवृत्ती. छत्तीस वर्षांचं आयुष्य! सुरुवातीला तिच्यावर सोळा बोफर्स तोफा होत्या, त्या पुढे कमी होत गेल्या. मग माझ्या प्रतिकृतीत तोफा किती लावू? साल सांगा, आकडा सांगतो. साल न सांगता 'विक्रांत बनवली' म्हणणाऱ्याने नक्की काय बनवलं?

सगळ्यात जास्त चीड येते ती 'स्वतः बघितलंय' म्हणणाऱ्यांची. २००१ ते २०१२ विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शाळेच्या सहली गेल्या, लोक पोराबाळांना घेऊन गेले, स्की-जंपखाली उभं राहून फोटो काढले. फार चांगलं केलं. पण त्यांनी बघितली ती तिची शेवटची अवस्था. आज इंटरनेटवर शोधलं की ढिगाने येतात ते हेच फोटो, आणि त्यावरून जो तो १९७१ची विक्रांत बनवतोय, छापतोय, विकतोय. आजोबांचा म्हातारपणीचा फोटो त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये डकवण्यातला हा प्रकार.

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो आणि माझं रक्त आटतं. १९७१च्या त्याच दिवशी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला आणि मग चितगाव धरलं. बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी ठेवावा लागत होता, आणि तिला शोधायला निघालेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली होती. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉक स्क्वाड्रनचे कमांडर संतोषकुमार गुप्ता, दोघांनाही महावीर चक्र मिळालं. एवढा मोठा पराक्रम! त्याला मानवंदना म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरतं काय? स्की-जंपवाल्या डेकवर उभी सी हॅरियर. नाहीतर थेट नवी विक्रांत, २०२२ला कोचीत दाखल झालेली! दोघींचा क्रमांक आर ११ आहे, हे खरं. पण जुनी २१३ मीटर, नवी २६२ मीटर. पन्नास मीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही? ज्या माणसांनी सपाट डेकवरून जिवावर उदार होऊन झेप घेतली, त्यांच्या नावाने फुलं वाहायची आणि फोटो भलत्याच जहाजाचा लावायचा?

आणि तो ध्वज! १९५० ते २००१ आपल्या नौदलाचा ध्वज म्हणजे पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. २००१ला क्रॉस गेला. २००४ला परत आला, पण मध्यावर सिंहमुद्रा घेऊन. २०१४ला खाली 'सत्यमेव जयते' आलं. २ सप्टेंबर २०२२ला क्रॉस पुन्हा गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला निळा अष्टकोन आला. म्हणजे जुन्या विक्रांतने नौदलात असेपर्यंत एकच ध्वज मिरवला, बिनमुद्रेचा साधा लाल क्रॉस. इतकी सोपी गोष्ट आहे. तरी माझ्या खोक्यातल्या डिकॅलवर, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रावर, अष्टकोन! हे मी एका गृहस्थांना बोलून दाखवलं तर ते माझ्यावरच उखडले. "महाराजांच्या मुद्रेचं वावडं आहे का तुम्हाला?" अहो काका, नव्या विक्रांतवर तो अष्टकोन फडकताना बघून माझीही छाती फुगते. म्हणून तो ५१ वर्षं मागे नेऊन दुसऱ्याच लढाईवर फडकवायचा? महाराजांनी आरमार उभारलं ते असल्या 'चालतंय की' वृत्तीवर नाही.

आता जे सांगतो त्यावरून माझा राग अजून उतरलेला नाही. एका प्रदर्शनात अकरावीतल्या एका मुलाने १९७१ची विक्रांत ठेवली होती. पैसे नव्हते, म्हणून प्लॅस्टिक शीट आणि कार्डबोर्ड कापून सगळी घरी केलेली. १:३५० स्केल, लांबी सुमारे ६१ सेंटीमीटर. त्या मापात एक सी हॉक साडेतीन सेंटीमीटरची होते, पेराएवढी. त्याने त्यातल्या दोघींचे पंख दुमडून उभे केले होते. दुमडीच्या सांध्यावर ब्लेडने इतकी बारीक फट पाडली होती की मी श्वास रोखून बघत राहिलो. मागे अॅलिझे विमान, तिचा प्रॉपेलर वेगळा कापून लावलेला. डेक सपाट. ध्वज बरोबर. कॅटापल्टची पट्टी पेन्सिलने आखून मग रंगवलेली.

परीक्षक आले. कागद हातात, नजर पुढच्या टोकावर. "बाळा, पुढचा चढ राहिला की रे."

"सर, तो नंतर बसवला. ही एकाहत्तरची आहे."

"असं कसं? मी स्वतः जाऊन आलोय विक्रांतवर."

पोरगं गप्प झालं. त्याच्याकडे छापील फोटो होता, तो त्याने पुढे केला, पण साहेब पुढच्या टेबलाकडे निघाले होते. मी मध्ये पडलो, दोन शब्द बोललो, तर "निकाल परीक्षकांचा असतो" एवढं ऐकून घ्यावं लागलं. बक्षीस कुणाला? स्की-जंपवर सी हॉक, मागे अष्टकोनी ध्वज आणि खाली पाटीवर 'डिसेंबर १९७१' असं सगळं एकत्र कोंबलेल्या प्रतिकृतीला. चकाचक एअरब्रश केला होता ना! ज्याने अभ्यास केला त्याला चूक ठरवलं आणि ज्याने तीन काळांची भेळ केली त्याला ढाल दिली. तो मुलगा पुढच्या वर्षी काय शिकून येईल? की येणारच नाही?

पुन्हा सांगतो, मला कुठल्याही एका काळाचं वेड नाही. ज्याला जो आवडेल तो करा. १९८४ची विक्रांत तर फारच सुंदर विषय आहे, कुणी हातच लावत नाही. तेव्हा सी हॅरियर आली होती पण चढ नव्हता. सपाट डेक, कॅटापल्ट जागेवर, अॅलिझेसाठी, उतरणारं विमान अडवणाऱ्या अरेस्टर वायरी ताणलेल्या आणि शेजारी हॅरियर. कुणी ही बनवली तर हेच परीक्षक म्हणणार, हॅरियर आहे आणि स्की-जंप नाही, मार्क कापा!

यावर शहाणे लोक सल्ला देतात, "मूळ ब्रिटिश नकाशे मिळव." मिळवले तरी ते चाळीसच्या दशकातले, सरळ डेकचे. बेलफास्टला काय काय बदललं ते त्यात कुठून येणार? दुसरे म्हणतात, "ऑस्ट्रेलियाच्या 'मेलबर्न' जहाजाचे घे, त्याच वर्गातलं, तीच ती." एका वर्गातली जहाजं म्हणजे एकाच साच्यातल्या विटा नव्हेत हो! प्रत्येकीचा मास्ट वेगळा, तोफांच्या जागा वेगळ्या.

खरं तर जहाजच समोर उभं होतं. टेप घेऊन, कॅमेरा घेऊन इंच न् इंच मोजून ठेवता आलं असतं. कुठलं वेल्डिंग नवं, कुठला कठडा जुना, सगळं त्या पोलादावर लिहिलेलं होतं. २०१४ला ती साठ कोटींना भंगारात गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, गॅसकटरने तिचे तुकडे केले. त्या पोलादाच्या मोटरसायकली निघाल्या, लोकांनी हौसेने घेतल्याही. पण डेकची मापं? निदान तुमच्या-माझ्यासारख्याला बघता येतील अशी कुठे ठेवली? मोठमोठ्या संग्रहालयांत परदेशी जहाजांचे प्रत्येक दुरुस्तीगणिक नकाशे विकत मिळतात. आणि आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेसाठी आम्ही लोकांच्या सहलीचे फोटो मोठे करून करून बघतोय, मागचा कठडा दिसतो का म्हणून, आणि पुढे कुणाची तरी मावशी उभी.

म्हणून आता थेट मागतो. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, आजोबा सत्तरच्या आसपास विक्रांतवर असतील. घरात काळे-पांढरे फोटो असतील, कोपरे उडालेले. ते रद्दीत घालू नका, आणि त्यातला फक्त साहेबांचा चेहरा कापून फ्रेम करू नका. मागे जे दिसतंय ते मला हवंय. डिसेंबर १९७१च्या आगेमागे कॅटापल्टचा रूळ डेकच्या कडेला जिथे संपतो ती जागा, आणि मास्टचा वरचा भाग. फोटोच्या पाठीवर तारीख असेल तर तीही स्कॅन करा, कितीही पुसट असू दे.