'है'च्या जागी 'आहे' मावत नाही

2025च्या जूनमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय होते, पाऊस आणि हिंदी. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय 16 एप्रिलला निघाला होता, 17 जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली आणि 29 जूनला सरकारने दोन्ही मागे घेतले. दादा रोज एक लांबलचक फॉरवर्ड टाकायचा, वहिनी त्याला उलट उत्तर द्यायची, आणि मी मध्ये तोंड घातलं की कोणीतरी म्हणायचं, "तुझं काय जातंय, तू ब्रिस्बेनला!" यावर मला उत्तर सुचायचं नाही. गंमत अशी की त्याच आठवड्यांत रोज रात्री हेडफोन लावून मी तेच भांडण भांडत होते, फक्त मात्रा मोजून.

मी इथल्या एका छोट्या स्टुडिओत संगीत-संकलनाचं काम करते. पुण्यातल्या एका कंपनीने लहान मुलांच्या ॲनिमेशन मालिकेसाठी माझ्याकडे गाणी मागितली. तेरा भाग, तेरा गाणी. "मराठी मालिका आहे, ताई, म्हणून तर तुम्हाला विचारलं," असं फोनवर ऐकल्यावर मी विरघळले. पुण्यात संध्याकाळचे सहा म्हणजे इथे रात्रीचे साडेदहा. मुलगी झोपली की बसायचं, असं ठरवलं.

पहिली फाइल उघडली. नाव होतं 'हिंदी फायनल'. ठेका, सूर, कोरस, सगळं तयार. सोबत एक ओळ: 'यावर मराठी शब्द बसवून द्या.'

शब्द बसवणं म्हणजे काय, ते एका ओळीवर दाखवते. मूळ हिंदी ओळ समजा अशी आहे: 'बादल काला-काला है'. चौदा मात्रा. मराठीत सरळ म्हणायचं तर 'ढग हा काळा-काळा आहे'. सोळा. 'ढग हा' हे 'बादल'च्या चार मात्रांत चपखल बसतं, 'काळा-काळा'चा तर प्रश्नच नाही. पण शेवटी चालीत एकच लांब सूर आहे. हिंदीचं 'है' त्यावर आरामात पाय पसरून बसतं. 'आहे'ला दोन सूर लागतात. मग गीतकार काय करतो? क्रियापद काढून टाकतो आणि 'रे' लावतो. 'ढग हा काळा-काळा रे.' चौदा मात्रा, काम झालं. आधीच्या गीतकाराने करून ठेवलेल्या कच्च्या मसुद्यात मला तेरा गाण्यांत एकोणीस 'रे' सापडले. त्यातले चार मोठी बहीण धाकट्या बहिणीला उद्देशून म्हणत होती! कुठल्या घरात ताई छोटीला 'अरे' म्हणते? हिंदीच्या त्या 'है'ला स्त्री-पुरुष काही नसतं, म्हणून मूळ गाण्यात ही अडचण कोणाला दिसलीच नव्हती.

बरं, तेही 'गं' करून निभावता येतं. चित्राचं काय? चित्र आधीच तयार होतं. 'बादल' म्हणताना त्या चिमुरडीचे ओठ मिटतात, कारण 'ब' ओठ मिटल्याशिवाय निघत नाही. मराठीत मिटलेल्या ओठांतून ऐकू येतो 'ढ'. मोठ्या माणसाला ते जाणवणारही नाही. पण चार वर्षांचं मूल पडद्यावरच्या तोंडाकडे बघत शब्द उचलतं, त्याला जाणवतं. त्याच्यापुरतं ते गाणं कोणीतरी दुसरं, पडद्यामागून म्हणत असतं.

म्हणून जिथे गाण्याला किंमत असते तिथे क्रम उलटा असतो. आधी शब्द, मग चाल, मग कोणाच्या तरी साध्या आवाजात डमी, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, आणि ती डमी ऐकत ॲनिमेटर चित्र हलवतो. यात एक बारीक हिशेब असतो, जो मला फार आवडतो. इथे टीव्हीसाठी सेकंदाला 25 फ्रेम असतात. मिनिटाला 120 ठोक्यांची लय घेतली तर एका ठोक्याला साडेबारा फ्रेम येतात, आणि अर्धी फ्रेम कोणालाच काढता येत नाही. लय 125 केली की बरोब्बर बारा. मग पाय आपटला, डोळा मिचकावला, फुगा फुटला, सगळं ठोक्यावर पडतं. 24 फ्रेमच्या हिशेबाने काम करणाऱ्याला हेच बाराचं सुख 120वर मिळतं. संगीतकार आणि ॲनिमेटर यांनी पहिल्याच दिवशी एकत्र चहा प्यायला तर हे पाच मिनिटांत ठरतं. आमच्या मालिकेत ते दोघं एकमेकांना भेटलेच नव्हते.

मी राहते त्याच शहरात 'ब्लूई' ही लहान मुलांची ॲनिमेशन मालिका तयार होते. माझा त्या मालिकेशी काडीचा संबंध नाही, फक्त शेजारच्याचं कौतुक करावं तसं करतेय. 2018च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली. सात-सात मिनिटांचे दीडशेहून जास्त भाग झाले, आणि जॉफ बुश हा संगीतकार आपल्या साथीदारांसह प्रत्येक भागाला वेगळं संगीत देतो. शीर्षकसंगीतात शब्द म्हणाल तर घरातल्या चौघांची नावं, बाकी नाच आणि मध्येच 'स्टॅच्यू'. एका भागात इंग्रज संगीतकार होल्स्टची 'ज्युपिटर' ही वाद्यवृंदाची रचना अशी येते की लेकीपेक्षा मीच जास्त रडले. 2021मध्ये या मालिकेच्या संगीताचा अल्बम ऑस्ट्रेलियातल्या लोकप्रिय अल्बमांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. मुलांच्या अल्बमला तिथे पोचायला त्याआधी कधी जमलं नव्हतं. पोरांचे आवाज निर्मितीतल्या लोकांच्याच मुलांचे आहेत, त्यांची नावं श्रेयनामावलीत येत नाहीत, आणि ती बोलताना अडखळतात तेही तसंच ठेवलेलं असतं.

हे वाचून दादा म्हणेल, "झालं, तिकडची आरती सुरू." थांब. ऑस्ट्रेलियन माणसाला मुलांच्या गाण्याचं उपजत प्रेम आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. 'ब्लूई'मागे सरकारी प्रसारणसंस्था एबीसी आहे, बीबीसीची शाखा आहे, केंद्राचा आणि क्वीन्सलंड राज्याचा पडद्यासाठीचा निधी आहे. खासगी वाहिन्यांवर मुलांच्या कार्यक्रमांचा ठराविक कोटा दाखवण्याची सक्ती होती, ती 2021पासून उठली, आणि त्यांचा उत्साह लगेच आटला. म्हणजे प्रेमबीम काही नाही. नियम होता आणि पैसा होता तोवर गाणी होत होती.

आणि आपल्याकडे हे कधी नव्हतंच, असंही नाही. पुणे आकाशवाणीने 1 एप्रिल 1955पासून दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी गदिमा आणि सुधीर फडके यांच्याकडून करवून घेतली. 'गीतरामायण' आपण भक्तीने ऐकतो, पण मी ते हल्ली वेळापत्रक म्हणून बघते. दर आठवड्याला शब्द, चाल, वादक, गायक, आणि प्रसारणाची वेळ न चुकवणारी एक सरकारी कचेरी! त्याआधी दोनच वर्षं, 1953च्या 'देवबाप्पा'त, याच गदिमांचं 'नाच रे मोरा' पुलंच्या चालीत आणि आशाताईंच्या आवाजात आलं होतं. (होय, त्यातही 'रे' आहे. पण तो मोराला मारलेल्या हाकेतला 'रे' आहे, खड्डा बुजवायला घातलेला नाही.) माणसं होती, चाली होत्या, काम देणारी संस्थाही होती. तीच यंत्रणा दर आठवड्याला मुलांच्या एका गाण्यासाठी वर्षभर का लावता आली नसती, याचं उत्तर मला मिळत नाही.

पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, हे दादाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण त्याचा मुलगा, आमचा सहा वर्षांचा भाचरू, शाळेत जायच्या कितीतरी आधीपासून हिंदी कार्टून बघत आलाय. वैतागला की तो "छोड़ो मुझे" म्हणतो. हिंदी त्याला कुठल्या शासननिर्णयाने शिकवली नाही, गाण्यांनी शिकवली. ग्रुपवरच्या चारशे मेसेजांत वेळापत्रकावर, पुस्तकांवर, शिक्षकांवर वाद झाला. मराठी कार्टूनची चाल कोण बांधतो आणि त्याला पैसे कोण देतो, हा प्रश्न एकदाही आला नाही. मलाही तो त्या फाइलचं नाव वाचेपर्यंत पडला नव्हता.

माझ्या घरचंही सांगते, नाहीतर वहिनी सांगेलच. माझी लेक मोराचं गाणं सुरात म्हणते आणि मग विचारते, "आई, 'ढग' मीन्स?" तेव्हा उपदेश करायला मी काही उंचावर बसलेली नाही.

शेवटी आमचं तडजोडीवर आलं. सहा गाणी मी नव्याने बांधली, शब्द आधी, चित्र नंतर. ॲनिमेटर वैतागला, मग त्याला मजा यायला लागली. एका गाण्यात ढग गडगडायचा होता. त्याने आपणहून विचारलं, "ताई, 'गडाड्' कितव्या फ्रेमला पडतंय?" त्या रात्री मी झोपलेच नाही.

रेकॉर्डिंग पुण्यात झालं, मी व्हिडिओ कॉलवर. गाणारी मुलगी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. 'आभाळ'चं 'आभाल' होत होतं. एकदा, दोनदा, पाचदा. काचेमागून तिची आई ओठ हलवून 'ळ, ळ' करत होती. निर्माते म्हणाले, "लोक शिव्या घालतील, म्हणतील मराठी मालिकेत मराठीच अशुद्ध." मी म्हटलं, पाचवा टेक ठेवा, त्यात ती हसतेय. तेवढ्यात पोरगीच माइकमध्ये म्हणाली, "मला दात आले की येईल ते, तोवर थांबता का?"

पाचवा टेक ठेवला. उरलेल्या सात गाण्यांत अजून 'रे' आहेत. मोजले मी, अकरा.