एका छपराखाली किती दिवे होते?

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी म्हणजे इनुइट. त्यांच्याबद्दल सध्या एक मजकूर फार फिरतोय: ‘गोऱ्यांनी लोखंड आणि काचमणी दाखवले आणि इनुइट संपले. शिकार विसरले, एकत्र राहणं मोडलं, व्यापाऱ्याच्या दारात उभे राहिले. सगळं एका पिढीत.’ लिहिणाऱ्याचा राग वसाहतवाल्यांवर आहे आणि तो मला मान्य आहे. पण त्या रागाच्या भरात त्यानं इनुइटांनाच भोळंभाबडं ठरवलंय. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर त्यांच्या घरांचं उत्खनन झालंय, आणि तिथली माती वेगळं सांगते.

लोखंडाचं आधी बघू. ते त्यांना नवं नव्हतंच. त्यांचे पूर्वज ग्रीनलंडमधल्या केप यॉर्कच्या उल्केचं लोखंड ठोकून पाती करायचे. 16 व्या शतकात बास्क लोक देवमाशांच्या शिकारीसाठी लॅब्राडोरच्या रेड बेला येऊ लागले. त्यांचे खिळे इनुइटांच्या हाती लागले, तेव्हा त्यांनी ते भट्टीशिवाय, थंडच ठोकून स्वतःच्या हार्पूनला (शिकारीच्या दोरीबांध्या भाल्याला) आणि सुऱ्यांना बसवले. माल परका, पण हत्यार त्यांचंच.

आता ‘एकत्र राहणं मोडलं’ हा मुद्दा. इथे तर गोष्ट नेमकी उलटी आहे. 16 व्या-17 व्या शतकातली घरं लहान, बहुतेक एका कुटुंबापुरती. युरोपीय व्यापार वाढला त्या 18 व्या शतकात मात्र घरं मोठी झाली: गवताळ मातीच्या ढेपांच्या भिंती, आत शिरायला लांब बोगदा, भिंतींलगत झोपायचे ओटे, आणि साधारण 20 माणसांचा राबता. या ओट्यांच्या कडेला दिवे ठेवायच्या जागा सापडतात. मऊ दगडात कोरलेल्या दिव्यात सीलची चरबी जळायची. उजेड, ऊब आणि स्वयंपाक त्याच्यावरच. दिवा बाईच्या ताब्यात. आपण ‘वेगळी चूल मांडली’ म्हणतो, तशी इथे दिव्यागणिक एकेक कुटुंबाची चूल मोजता येते. छप्पर एक, चुली अनेक. असं का झालं, यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी हवामानाकडे बोट दाखवतं, कुणी व्यापारातून मोठे झालेल्या कर्त्यांकडे. मला दुसरं जास्त पटतं, पण पहिलं उडवून लावता येत नाही. काहीही असो, घर मोडलं नव्हतं.

‘शिकार विसरले’ म्हणणाऱ्यानं उकिरड्यातली हाडं बघावीत. याच किनाऱ्यावरच्या ओकाक या वस्तीजवळ, उइवाक पॉइंटला, 18 व्या शतकातल्या घरांत हाडांचा मोठा हिस्सा सीलचाच आहे. आणि व्यापार तरी कशाचा होता? चरबीचं तेल, कातडी, देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या. त्या पट्ट्या युरोपात बायकांच्या कॉर्सेटमध्ये जायच्या. शिकार सोडली असती तर विकायला काय उरलं असतं?

मिकाक ही इनुइट बाई आठवावी. इंग्रजांनी तिला पकडून लंडनला नेलं, 1769 मध्ये जॉन रसेलनं तिचं चित्र काढलं आणि त्याच वर्षी ती परतली. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांना लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर पाय रोवायला तिची मदत झाली. पण 1771 मध्ये नेन इथं मिशनचं ठाणं उभं राहिल्यावरही ती आणि तिचा नवरा तुग्लाविना दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांशी आपला व्यवहार करतच राहिले. मिशनऱ्यांना ते खुपायचं.

परावलंबन आलंच नाही, असं मी म्हणत नाही. आलं, पण काचमण्यांनी नाही. मिशनच्या दुकानातली उधारी पिढ्यान्‌पिढ्या साचत गेली. 1918 मध्ये मिशनच्याच ‘हार्मनी’ जहाजातून इन्फ्लुएन्झा आला आणि ओकाकमधल्या 263 माणसांपैकी 204 मेली. 1959 मध्ये हेब्रॉन ही इनुइटांची वस्ती रिकामी करायचा निर्णय लोकांना चर्चमध्ये ऐकवला गेला. चर्चमध्ये उठून विरोध करायचा नसतो, ही इनुइटांचीच रीत होती.