लोणारची न वितळलेली काच: एका प्रतिक्रियेला उत्तर

मेहकरवाले भाऊ,

लोणारच्या दगडात न वितळताच काच तयार झाली, या माझ्या वाक्यावर तुम्ही लिहिलंत: ‘वितळल्याशिवाय काच होत नाही. कणांचा आकार स्फटिकाचाच राहिला म्हणता, मग तो स्फटिकच की. उगाच काहीबाही लिहू नका.’ उगाच लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

स्फटिक ठरतो तो आतल्या अणूंच्या मांडणीवरून, बाहेरच्या आकाराला तिथं मत नाही. चौफुलीवर लावलेली कपाशी घ्या. उभं-आडवं कुठूनही पाहा, तासं सरळ. डवरं, म्हणजे तण काढायचं औत, दोन्हीकडून चालतं. आता प्रत्येक झाड वीतभर इकडंतिकडं सरकलं असं समजा. धुरे तेच, झाडं तेवढीच, रस्त्यावरून वावर तसंच दिसेल. पण डवरं घालून दाखवा! तासं सरळ ते वावर म्हणजे स्फटिक, विस्कटलेलं म्हणजे काच; झाडं म्हणजे अणू.

लोणारला उल्का आदळली ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर. त्यात फेल्डस्पार या खनिजाचे लांबट कण असतात. आघाताच्या लाटेत दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३ लाख पट झाला, की कणातली अणूंची जाळी जागच्या जागी विस्कटते. वाहायला उसंतच मिळत नाही, त्यामुळे कड शाबूत राहते. ही काच म्हणजे मॅस्केलिनाइट. १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत ती पहिल्यांदा ओळखली गेली. १९७३ साली लोणारच्या दगडातली तिची नोंद प्रसिद्ध झाली आणि ‘हा तर ज्वालामुखीचा खड्डा’ म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी पडली.

ती ओळखतात कशी? दगड घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करतात आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, काटकोनात लावलेल्या दोन फिल्टरांमध्ये फिरवतात. धड फेल्डस्पारमधले करडे-काळे पट्टे आळीपाळीने उजळतात, विझतात. मॅस्केलिनाइटचा कण कितीही फिरवा, काळा तो काळाच. आणि त्याला खेटून बसलेला पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाचा कण मात्र छान रंग दाखवत असतो, म्हणजे तो अजून स्फटिकच आहे!

खरोखर वितळून झालेली काचही लोणारला सापडते, पण तिच्यात बुडबुडे आणि वाहिल्याच्या रेषा दिसतात. ‘वितळल्याशिवाय काच नाही’ हा शाळेतला नियम या काचेला लागू आहे, बांगडीच्या काचेलाही आहे. तेवढ्यावर मॅस्केलिनाइटला खोटं पाडता येत नाही.

शेवटी तुम्ही तुमच्याकडच्या चमकणाऱ्या काळ्या दगडाचं विचारलंत. उन्हात हलवून पाहा. बारीक सपाट तुकड्यांवरून चमक लुकलुकली, तर तो फेल्डस्पार, म्हणजे आपला नेहमीचा बेसाल्ट. काच फुटते ती गोलाई घेऊन. आणि ताडून पाहायला म्हणून सरोवराच्या काठचा दगड उचलून आणू नका, भाऊ, ते अभयारण्य आहे.