ट्यूबवरच्या रंगीत पट्टीबद्दल खुलासा

टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकाला हिरवी पट्टी असेल तर पेस्ट नैसर्गिक, काळी असेल तर निव्वळ केमिकल, असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. तो खोटा आहे. ट्यूब नेमकी कुठे कापायची, कुठे दाबून बंद करायची, हे कारखान्यातल्या यंत्राच्या सेन्सरला कळावं म्हणून ती खूण छापतात. छपाईत सेन्सरला उठून दिसेल असा कोणताही रंग चालतो. आत काय भरलंय, याच्याशी तिचा काहीही संबंध नाही.

खरी माहिती घटकांच्या यादीत असते. मला काळजी वाटते ती गोरं करणाऱ्या क्रीमची. त्यांपैकी काहींत पारा सापडला आहे आणि पारा मूत्रपिंडं बिघडवतो. भारतात अशा क्रीममध्ये पारा वापरायला बंदी आहे. तरी अशी क्रीम बनवणारे तो यादीत छापतीलच असं नाही. म्हणून डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादीच नसेल, तर पार्लरमधल्या ताईंनी कितीही भरवसा दिला तरी ती घेऊ नका. यादीत ‘मर्क्युरी’ (म्हणजे पारा) किंवा ‘कॅलोमेल’ (पाऱ्याचं एक संयुग) दिसलं तर वापर लगेच थांबवा आणि डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.