साडेतीन वाव

माझ्या होडीचं नाक सध्या उघडं आहे. बाकी अंग ताडपत्रीखाली गुडूप, दोऱ्या ताणून बांधलेल्या, आणि पुढे हातभर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, बाहेर. आखूड चादरीतून उंच पाहुण्याचे पाय दिसावेत तशी. येणारा-जाणारा थांबतो, मान वाकडी करून बघतो आणि विचारतो, "लहान पडली का हो?" नाही, तिला श्वास घ्यायला मुद्दाम ठेवलंय, असं मी दोघातिघांना सांगून पाहिलं. एकाला ते पटलं. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

होडी 18 फुटांची, रुंदीला 6. मासेमारीची. म्हणजे मी तिला तसं म्हणतो, माशांचं म्हणणं वेगळं असावं. आधीचं कव्हर म्हणजे ती सगळीकडे मिळणारी पातळ निळी ताडपत्री. उन्हाने ती आधी फिकी झाली, मग कडक झाली आणि एके सकाळी हात लावताच तिच्या पापुद्र्या निघाल्या. जाळ्यात, वल्ह्यांवर, माझ्या केसांत, सगळीकडे निळा चुरा. प्लॅस्टिकला पाण्यापेक्षा ऊन जास्त मारतं, हे तेव्हा कळलं. म्हणून ठरवलं, या वेळी अभ्यास करून कव्हर घ्यायचं.

तो अभ्यासच नडला. आठ दिवस मी कापडाखेरीज दुसरं वाचलं नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे 600 डेनिअर पॉलिएस्टर म्हटलं की कोणीतरी नऊ किलोमीटर धागा सोडत गेलं आणि मग तो गोळा करून तागडीत टाकला, तो सहाशे ग्रॅम भरला. (प्रत्यक्षात असं कोणी करत नसणार, पण मला तो माणूस दिसतो. परतीच्या वाटेवर तो धागा गुंडाळतोय आणि लोक त्यालाही काहीतरी विचारतायत.) नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, पॉलिएस्टर त्या मानाने ताण धरून राहतं. पीव्हीसीचा लेप पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, पण आतली वाफही बाहेर सोडत नाही, मग बुरशी. अॅक्रिलिक उन्हाला दाद देत नाही आणि श्वासही घेतं, पण त्याला सतत घासणारा कोपरा लागला की ते झिजतं. शिलाई सुती धाग्याची असेल तर कापडाआधी धागाच कुजतो. हे सगळं मी एका कागदावर लिहिलं, कागद खिशात ठेवला, दुसऱ्या खिशात टेप ठेवली आणि दुकानात गेलो.

दुकानदार फोनवर होता. काउंटरजवळच्या बाकड्यावर एक काका बसले होते. उंची बेताची, आवाज भरपूर. ते काय घ्यायला आले होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा काहीच नाही.

"कशाला पाहिजे?" काकांनी विचारलं.

"होडीला. कव्हर."

"होडी पाण्यात असते ना?"

"असते."

"मग ती भिजणारच की."

या वाक्याला जगात उत्तर नाही असं मला त्या क्षणी वाटलं. उत्तर आहे. होडी बाहेरून भिजली तर चालते, आतून भिजली तर तिला टब म्हणतात. पण हे मला रात्री अंथरुणात सुचलं, आणि काका तेव्हा तिथे नव्हते.

मी दुकानदाराकडे वळलो. त्याने फोन खांद्याला धरून भुवया उडवल्या. मी म्हटलं, "किती जीएसएमची आहे तुमच्याकडे?"

"जीएसएम?" काका बाकड्यावरूनच म्हणाले. "ते मोबाईलचं. ते आता जुनं झालं."

"ते वेगळं, काका. हे कापडाचं वजन."

"वजन कशाला करायचं? पांघरायची आहे ना?"

दुकानदार हसला. फोनवर हसला असेल, माहीत नाही. मी माघार घेतली आणि दुसरी आघाडी उघडली. म्हटलं, कव्हर जाड असून भागत नाही, त्याला मधे आढं द्यावं लागतं, घराच्या छपरासारखं. नाहीतर मधे झोळ पडतो आणि पाणी साठतं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. माझी होडी ढोबळमानाने दहा चौरस मीटर. 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं पाणी झोळात राहिलं तर 500 लिटर. म्हणजे 500 किलो. म्हणजे सात-आठ माणसं चादरीत बसवल्यासारखं!

हे बोलताना माझा आवाज जरा चढला होता, कबूल करतो. आठ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकत होतं.

काकांनी विचार केला. "एवढा पाऊस तुमच्या एकट्याच्याच होडीवर कशाला पडेल?"

"एकट्याच्या नाही हो, सगळीकडेच पडतो."

"मग झालं तर. सगळीकडे पडतो म्हणजे वाटला जातो."

आता दुकानदाराने फोन ठेवला. मला वाटलं सुटका झाली. तो म्हणाला, "काका म्हणतात ते बरोबर आहे. ही घ्या, हेवी ड्यूटी आहे." हेवी ड्यूटी म्हणजे किती जड, कोणाच्या तुलनेत? त्या दोन शब्दांमागे आकडा नाही. तसंच ते 'वॉटरप्रूफ'. छत्रीवर असतं, घड्याळावर असतं, आणि ज्या पाकिटावर ते छापलेलं असतं ते पाकीट दुकानात ओलं झालेलं असतं. तयार कव्हरांच्या पाकिटावरचं माप तर आणखी मजेचं. ते बरेचदा कापड कापतानाचं माप असतं. मग कडा दुमडतात, शिवतात, आयलेट म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या ठोकतात आणि प्रत्येक बाजूने काही इंच कमी होतात. ते कमी झालेले इंच कोणाकडे जमा होतात, हे गिऱ्हाइकाने विचारायचं नसतं. एवढं वाचल्यामुळेच मी रोलमधून कापून घ्यायचं ठरवलं होतं. शहाणपणा!

"किती कापू?" दुकानदाराने विचारलं.

मी टेपसाठी खिशात हात घातला. तेवढ्यात काका उठले. "टेप-बिप राहू दे. होडीचं माप वावात. किती लांब आहे?"

"अठरा फूट."

"तीन वाव. वर अर्धा वाव दोन्हीकडे सोडायला. साडेतीन." आणि त्यांनी रोलचं टोक डाव्या चिमटीत धरलं, उजवा हात पसरला आणि छाती पुढे काढली.

माणसाने दोन्ही हात पसरले की एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. हिशेबाला सहा फूट धरतात. ही पद्धत जुनी आहे, पाण्याची खोली दोरीने मोजणाऱ्यांची आहे, आणि मला तिचा आदर आहे. पण तिच्यात एक मेख आहे. माणसाचा वाव साधारण त्याच्या उंचीएवढाच असतो. आणि काका, मी डोळ्यांनी मोजले, पाच फूट दोन इंच. चपला धरून.

हे मला दिसत होतं. टेप माझ्या मुठीत होती. पण हात पसरून डोळे मिटून "एऽऽक" म्हणणाऱ्या वयस्क माणसाला टेप कशी लावायची? आशीर्वाद देणाऱ्याची वीत मोजण्यासारखं ते. शिवाय एव्हाना दुकानात आणखी दोघं आले होते आणि कौतुकाने बघत होते. "दोऽऽन," काका म्हणाले. काकांनी कापड वावाने मोजलं आणि मला बोलायला वाव ठेवला नाही. "साडेतीन" झाल्यावर कात्री चालली. कापलेला माल परत नाही, अशी पाटी कात्रीच्या बरोबर वर होती.

हिशेब घरी केला. 62 इंच गुणिले साडेतीन, 217 इंच. म्हणजे 18 फूट 1 इंच. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच दुमडून आयलेट मारले, राहिले 17 फूट 9 इंच. सपाट पसरली असती तरी होडीपेक्षा तीन इंच कमी. त्यात आढं दिलं, मागे इंजिनावरून खाली ओढून घेतली, आणि पुढे नाळ जी उघडी पडली ती पडली. आयलेट मात्र पितळेचे आहेत. अॅल्युमिनिअमचे खाऱ्या वाऱ्यात गळून पडतात, हे मी वाचलेलं होतं. आठ दिवसांच्या अभ्यासातलं एवढंच एक होडीपर्यंत पोचलं.

इथेच थांबायला मला आवडलं असतं. दोष पूर्ण त्यांचा, मी पूर्ण निर्दोष, गोष्ट सांगायला सुटसुटीत. पण घडी काखेत मारून मी दुकानाच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा काकांनी मागून हाक मारली होती, "अहो, बूच काढलंय ना?"

मी वळूनसुद्धा बघितलं नाही. मनात म्हटलं, आता पुरे.

होडी जमिनीवर ओढून ठेवली की तळाचं बूच काढून ठेवायचं असतं आणि नाळ जरा उंच ठेवायची असते. म्हणजे आत पाणी आलंच तर आपलं आपण निघून जातं. होडी असलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. नाळ उंच ठेवलेली होती. परवा रात्रभर पाऊस झाला, तो उघड्या नाळेतून आत गेला, उतारावरून मागे गेला आणि बुचापाशी जाऊन थांबला. सकाळी ताडपत्री उचलली तर मागे घोट्याच्या वर पाणी. त्यात गळांची डबी तरंगत होती आणि होडीचा वास असा, की त्या होडीत इतके मासे कधी होतेच कुठे, हा प्रश्न पडावा. उपसायला अख्खी सकाळ गेली. तेवढ्यात तिघांनी विचारलं, "लहान पडली का हो?"

काल पुन्हा त्याच दुकानात गेलो. नाकापुरता तुकडा हवा होता, चार फुटांचा. या वेळी दारातच टेप बाहेर काढून हातात धरली, पट्टी दोन फूट ओढून, सगळ्यांना दिसेल अशी. बाकडं रिकामं होतं.

दुकानदाराने टेपकडे पाहिलं. "ठेवा ती आत," तो म्हणाला. "बसा पाच मिनिटं. काका येतीलच."