मुलांना निसर्ग दाखवायचाय? आधी फवारणीचा पंप भरून घ्या

मुलांना निसर्ग दाखवायचा तर किमान तीन तास गाडीत बसलंच पाहिजे. घाटात ट्रॅफिक, हातात मक्याचं कणीस, वळणावर उलटी, शेवटी धबधब्यापुढे सेल्फी. झाला निसर्ग. बाकी पार्किंगच्या भिंतीला, गटाराच्या कडेला जे उगवतं त्याला रान म्हणतात, आणि त्याचा बंदोबस्त करायचा असतो.

सुरुवात लिंबाच्या कुंडीपासून करा. पानावर पक्ष्याची शीट दिसली आणि ती हलली, तर लगेच फवारा. ती फुलपाखराची अळी. लहान असताना शिटेचं सोंग घेते, मोठी झाली की हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून तांबडी शिंगं काढून वास सोडते. मुलानं हे पाहिलं तर तिथेच फतकल मारून बसेल आणि अबॅकसचा क्लास बुडेल. राणी पाकोळी, म्हणजे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. पण ते जनरल नॉलेजच्या पेपरात लिहिलं की पुरे.

मृगाचा किडा दिसला की "ई!" म्हणायला शिकवा. त्याचे आठ पाय अजिबात मोजू देऊ नका.

तेरड्याच्या बोंडांना हात नको, टचकन फुटतात.

आता रुई. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या 'स्वच्छता मोहिमे'त मागच्या भिंतीलगतच्या रुईवर तणनाशक मारलं, तसं तुम्हीही मारा. बाटलीवर ग्लायफोसेट लिहिलेलं असावं. ते पानातून शिरून मुळापर्यंत उतरतं, त्यामुळे पुन्हा फुटायची भीती नाही. पेस्ट कंट्रोलवाल्यांखेरीज कोणी ते वापरू नये असं केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेलं फर्मान बाजूला ठेवा आणि पाठीवरचा पंप वॉचमनच्या खांद्याला अडकवा. मास्क नको, हातमोजे नकोत, पोरं शेजारीच क्रिकेट खेळत असली तरी हरकत नाही.

फवारण्याआधी पान मात्र उलटून बघू नका. खाली बिबळ्या कडवा या फुलपाखराचं खसखशीएवढं, पांढुरकं अंडं असेल. एका जागी एकच. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग काळे-पांढरे पट्टे, त्यावर पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. पान खाण्याआधी शीर कुरतडून चीक अडवते, एवढी हुशार! हे घरात बघायला काय लागतं? रुंद तोंडाची बरणी, तोंडाला मलमलचं फडकं, तळाला कागद, एक उभी काडी, रोज एक ताजं, कोरडं पुसलेलं पान. ओलं पान टाकलं, लेंड्या साचू दिल्या की बुरशी धरते आणि अळी मरते. कोषाखाली चार बोटं तरी मोकळी जागा नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये, हात साबणानं धुवायचे. बास. तीन-चार आठवडे पोराला दुसरं काही सुचणार नाही, आणि खर्च शून्य!

आणि हो, शनिवारी मारुतीला रुईची माळ कुठून आणता? विकत. गणपतीत आघाडा आणि दूर्वा? त्याही विकत. जूनपासून ग्रासकटर फिरवून दोन्ही भुईसपाट करायचं आणि भाद्रपदात जुडीसाठी मंडईत घासाघीस करायची.

अहो, पुरे झालं आता. जरा लाज वाटू द्या. चिखलात गेला तर ओरडता, अळी उचलली तर हात झटकता, आणि पोरगं मोबाइलमधून डोकं वर काढत नाही म्हणून मीटिंगमध्ये गळे काढता. भिंतीशी फूटभर जागा होती, तीही बघवली नाही तुम्हाला. मीटर-बॉक्समागची एक रुई वाचली आहे, पंपाची नळी तिथवर पोचली नाही म्हणून. तिच्यावर दोन अळ्या आहेत. पोरांना घेऊन या, पानं उलटून बघा. आणि तो पंप ज्याचा असेल त्याला आजच्या आज परत द्या.